भिंतीवरची लेकुरवाळी

गस्तीचा तळ, किसिमेनी बंधारा
४ ऑगस्ट २०२२

मामा,

नमस्कार. फोनच करणार होते. पण इथे टेकडीवर चढल्याशिवाय आवाज पोचत नाही, आणि पोचला तरी तुम्हाला त्यातला अर्धाच ऐकू येतो. मागे मी "आईचा गुडघा सुजलाय" म्हटलं, तर तुम्ही "वा, छान झालं" म्हणालात. आई अजून ते विसरलेली नाही. म्हणून हे पत्र. पाण्याचा टँकर दर चार दिवसांनी वोईहून इथे येतो. उत्तर त्याच्या ड्रायव्हरकडे द्या.

आता काम. तुम्ही आम्हाला एक चित्र काढून द्यायचं.

नैरोबीहून जिराफ वाचवायचे छापील तक्ते आले होते. गुळगुळीत कागद, खाली आकडे, वर एक जिराफ, पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखा उभा. बाजारात चार लावले. दोन शेळ्यांनी खाल्ले, एक चहावालीने मांदाझीचे वडे बांधायला नेला. चौथा अजून आहे, पण त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आमच्या बंधाऱ्यावर गेल्या वर्षी अकरा जिराफ पाण्याला येत. आज आठ आहेत. चार हंगाम पाऊस नाही, गुरं मेली, माणसं उपाशी आहेत, हे मला दिसतं. पण हे उपाशी माणसाचं काम नव्हे. फांदीवरून मानेच्या उंचीला तारेचा फास सोडतात, पायवाटेवर खुराच्या मापाचा पुरतात, आणि ते मांस सुकून, बैलाचं नाव घेऊन विकलं जातं. एकट्या जुलैत आम्ही एक्केचाळीस फास काढले.

त्या आठांतली एक पोटुशी आहे. आम्ही तिला सासूबाई म्हणतो. ती झाडावरून मान काढून आपल्याकडे बघते, बोलत काहीच नाही, आणि तरी आपल्याला वाटतं की आपलं काहीतरी चुकलंय. ऑक्टोबरच्या आसपास व्यायला हवी. मला ती आणि तिचं पिल्लू जिवंत हवं आहे, मामा. बाकी सगळं त्यानंतर.

बसथांब्याजवळची गिलावा केलेली भिंत मागून घेतली आहे. चित्रात तार दाखवा, रक्त दाखवा.

तुमची,
वावुदा

*

वोई
९ ऑगस्ट

चिरंजीव वावुदा,

अनेक आशीर्वाद. काम घेतलं, म्हणजे झालंच समज.

पोरी, या जिल्ह्यात असा बैल नाही ज्याची तसबीर मी काढली नाही. माणसांना वाटतं मांसाचं दुकान सुरीवर चालतं. ते चालतं दारावरच्या चित्रावर. वोईपासून तावेतापर्यंत कुठल्याही खाटकाच्या दारात उभी राहा. भिंतीवर आडवा उभा, तुकतुकीत, दोन्ही डोळे आपल्याकडे केलेला जो बैल दिसेल, तो तुझ्या मामाचा. न्हाव्यांची डोकी काढली, हॉटेलांवर वाफाळते कप काढले, पण नाव झालं ते बैलांनी. माझा मित्र न्यांबू, तुमच्या किसिमेनीचा खाटीक, त्याच्या दुकानावरचा काळा बैल मी एकोणचाळीस वर्षांपूर्वी काढला. अजून तो म्हातारा झालेला नाही. आम्ही दोघं झालो.

तुझं पत्र वाचलं आणि मला आमची डोंगरावरची शाळा आठवली. पत्र्याचं छप्पर, दुपारी त्याचा कडकड आवाज, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतोय. आमच्या मास्तरांनी एकेका जनावरावर कविता रचली होती. पाठ झाली की पाटीच्या मागच्या बाजूला त्या जनावराचं चित्र काढायचं, अशी शिस्त. जिराफावरची अशी होती:

कोण गं बाई उंच इतकी, ढगांत घाली मान,
पाण्यासाठी वाकते तेव्हा पायांस येते भान.

मास्तर म्हणायचे, "किलांबो, तुझी कविता पाटीच्या मागच्या बाजूला जास्त चांगली येते." त्या एका वाक्यावर मी चौसष्ट वर्षं पोट भरलं.

तुझी रक्ताची मागणी मात्र मान्य नाही. मेलेलं जनावर मी आयुष्यात काढलेलं नाही. आमच्या धंद्यात भिंतीवरचं जनावर जिवंत, भरलेलं आणि आनंदी हवं. रडका बैल बघून पायरी कोण चढेल? लोक देखणेपणावर जीव लावतात, वावुदा. दयेवर नाही. सासूबाईंना मी अशी काढतो की किसिमेनीची बाजारपेठ तिच्या प्रेमात पडेल.

कच्चं चित्र सोबत पाठवतो आहे.

तुझा मामा,
किलांबो

*

गस्तीचा तळ
१७ ऑगस्ट

मामा,

चित्र मिळालं. तळावर सगळ्यांनी पाहिलं. सुंदर आहे, यात वाद नाही. पण ती हसते आहे. मी तीन वेळा बघितलं. जिराफ हसत नाहीत मामा, आणि आमच्या सासूबाई तर नाहीच नाही.

माझा सहकारी म्वासी म्हणाला, "इतकी गुटगुटीत? हिला कुठल्या बंधाऱ्याचं पाणी मिळतं, आम्हालाही सांगा."

तरीही मी तुमच्यावर सोपवते. भिंतीची कला तुमची. निदान पायाजवळ एक तार तरी दाखवा. खाली मी दिलेलं वाक्य लिहा: "ही आपली आहे. हिला जगू द्या." शनिवारी, ३ सप्टेंबरला, आठवडी बाजारात भिंतीसमोर सभा घेणार आहोत. त्याआधी चित्र पुरं व्हायला हवं.

आईकडे उतरा. ती म्हणते, "दादाला सांग, रंगाचे डबे माझ्या चुलीजवळ ठेवायचे नाहीत, आणि रात्री कविता म्हणायच्या नाहीत."

बंधाऱ्यावर सगळं जिथल्या तिथे आहे. काळजी करू नका.

वावुदा

*

वोई
३ सप्टेंबर

चिरंजीव वावुदा,

काल संध्याकाळी घरी पोचलो. तुझ्या सभेला मुद्दाम थांबलो नाही. स्तुती तोंडावर ऐकवत नाही मला.

पाच दिवसांत चित्र पुरं झालं. भिंतीची पूर्ण उंची घेतली आहे. मान छपराच्या पन्हाळीपर्यंत जाते आणि तिथून ती खालच्या बाजाराकडे बघते. कातडीवरचे ठिपके मी मोजून एकशे बारा काढले, प्रत्येक वेगळा. तार काढली आहे, तुझा शब्द मोडला नाही. पण गवताच्या रंगाची काढली, रसभंग नको म्हणून. तुझं वाक्य तळाशी आहे. अक्षरं जरा बारीक झाली, कारण खुरांनी जागा खाल्ली.

आणि लोकांचा प्रतिसाद काय सांगू. पहिल्या दिवसापासून गर्दी. माणसं येत, उभी राहत, माना डोलवत. एकजण हळूच म्हणाला, "म्हातारबा, शनिवारपासून ना?" मी म्हटलं, "हो, शनिवारीच. माझी भाची सगळं नीट समजावून देईल." एक बाई, मघोई तिचं नाव, मला म्हणाली, "लवकर आलं तर पुढे जागा मिळेल ना? मागच्यांच्या वाट्याला काही उरत नाही." सभेसाठी इतकी ओढ मी कधी पाहिली नव्हती. शेवटच्या दिवशी लाल हेल्मेटातला एक मोटारसायकलवाला थांबला आणि म्हणाला, "दर शुक्रवारी आणून देतो. किती लागेल?" खुर्च्या भाड्याने देणारा असावा. मी म्हटलं, "पन्नास तरी लागतील." तो जरा दचकला आणि निघून गेला. छोटा व्यावसायिक असेल बिचारा.

फक्त न्यांबूचं वागणं कळलं नाही. रोज समोरच्या दुकानातून डोकावायचा आणि तोंड फिरवून आत जायचा. एकोणचाळीस वर्षांची मैत्री. म्हातारपणी माणसं मत्सरी होतात, दुसरं काय.

तुझी सभा कशी झाली ते सविस्तर कळव.

मामा

*

गस्तीचा तळ
६ सप्टेंबर

मामा,

सविस्तर कळवते.

शनिवारी सकाळी मी आणि म्वासी पोचलो तेव्हा भिंतीसमोर साठेक माणसं रांगेत उभी होती. रांगेत, मामा. हातात टोपल्या, पिशव्या, पातेली. मला आधी वाटलं कुठेतरी धान्यवाटप आहे. मग मघोईने पातेलं पुढे केलं आणि विचारलं, "मांडीचा भाव काय?"

मी म्हटलं, "कसली मांडी?"

ती चित्राकडे बोट करून म्हणाली, "हिची. भाची सगळं समजावून देईल असं म्हातारबांनी सांगितलंय."

बाजारात असं पसरलं होतं की सरकारने दुष्काळामुळे जिराफाचं मांस विकायला परवानगी दिली, आणि दुकान गस्तवालेच चालवणार. का, तर बसथांब्यावर पाटी लागली आहे आणि ती खुद्द किलांबो म्हाताऱ्याने रंगवली आहे. खालची अक्षरं कोणी वाचलीच नाहीत. खाटकाच्या पाटीवर अक्षरं वाचतं कोण? तुमचा मित्र मत्सरी नव्हता हो. बिचाऱ्याला वाटलं तुम्ही त्याच्या समोर दुसरं दुकान थाटून देताय.

मी एक तास ओरडून समजावलं. काही हसले, काही चिडले. मघोई रडली. तिच्या घरी चार पोरं आहेत आणि आठ महिन्यांत मांस शिजलेलं नाही. मला चीफच्या कचेरीत बोलावून दोन तास बसवलं.

इथवर मी हसूनही घेतलं असतं. पण आता हे वाचा. गिऱ्हाईक तयार आहे ही बातमी फास लावणाऱ्यांपर्यंत पोचली. रविवार-सोमवारात आम्हाला बंधाऱ्याच्या वाटेवर त्रेसष्ट फास सापडले. दोन दिवसांत. आणि सासूबाई चार दिवस पाण्यावर आल्या नाहीत.

तुमचा तो खुर्च्यावाला कोण होता, मामा?

पत्र मिळेल त्या दिवशी या आणि त्या भिंतीला चुना फासा. मी हात जोडते.

वावुदा

*

किसिमेनी
१२ सप्टेंबर

चिरंजीव वावुदा,

चुन्याची बादली घेऊन परवा आलो. अक्षर वाकडं आहे ते वाऱ्यामुळे, मनावर घेऊ नकोस.

चूक झाली, आणि ती माझी. लोकांना मूर्ख म्हणू नकोस. आडवं, गुटगुटीत, आपल्याकडे बघणारं जनावर भिंतीवर दिसलं की आत मांस मिळतं, हे या जिल्ह्याला शिकवलं कुणी? मीच. दोन पिढ्या मीच शिकवलं. पोरं अक्षर ओळखायच्या आधी माझा बैल ओळखतात. मी माझ्या हुशारीत रमलो आणि हे विसरलो.

भिंतीसमोर बादली ठेवली, ब्रश बुडवला, तेवढ्यात न्यांबू आला. कमरेला सुरी, अंगावर रक्ताचा एप्रन. म्हणाला, "आता काय, गेंड्याचं दुकान काढतोस?"

मी त्याला सगळं सांगितलं. तुझं पहिलं पत्र खिशात होतं, तेही वाचून दाखवलं. तो मटकन पायरीवर बसला आणि इतका हसला की एप्रनने डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाला. म्हणाला, "पोटुशी आहे म्हणते ना तुझी भाची? मग चुना कशाला वाया घालवतोस? पोर काढ."

"पोर?"

"खाली पोर काढ, आचळाला लागलेलं. किलांबो, इतक्या वर्षांत तू कुणाच्या दुकानावर दुभती गाय काढलीस का? वासराला पाजणारी? का नाही काढलीस?"

खरंच काढली नव्हती. कोणी सांगितलंही नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं.

"कारण अंगावर पोर असलेलीला आपल्यात कोणी कापत नाही," न्यांबू म्हणाला. "गाय असो, शेळी असो. दुष्काळ असला तरी नाही. अशी कोणी माझ्या दारात आणली तर मी सुरी आत ठेवतो आणि मालकाच्या आईचा उद्धार करतो. हे कोणाला वाचून दाखवावं लागत नाही. तू पोर काढ, मग बघ एक तरी टोपली येते का."

वावुदा, धंद्याचं मर्म मला एका खाटकाने पायरीवर बसून सांगितलं.

दोन दिवस लागले. पिल्लू पोटाखाली उभं केलंय, तोंड आचळाला, पाय चारी दिशांना फाकलेले, गुडघे त्याच्या डोक्याएवढे, नाळ अजून लोंबतेय. आईची मान मात्र मोडून पुन्हा काढावी लागली. आता ती बाजाराकडे बघत नाही. मागे वळून पोराची पाठ चाटते आहे. हसू गेलं. तुझं वाक्यही मोठ्या अक्षरांत काढलंय, पण त्याची गरज पडेल असं वाटत नाही. काल दुपारी टोपली घेतलेला एक म्हातारा आला, उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "अगं बाई, लेकुरवाळी." आणि गेला.

आता खुर्च्यावाल्याचं. चेहरा मी पाहिला नाही, त्याने हेल्मेट उतरवलंच नाही. गाडीचा नंबर विचारू नकोस, आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. पण मागची पेटी मी ओळखतो. निळी पेटी, त्यावर पिवळा कोंबडा. कोंबडा माझा आहे. नऊ वर्षांपूर्वी एका अंडीवाल्यासाठी काढला होता. माझ्या कोंबड्याच्या शेपटीत सात पिसं असतात, बाकीचे पाच काढून पैसे घेतात. आणि त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आत वळलेला आहे. पेटी, कोंबडा, अंगठा, तिन्ही सोबतच्या कागदावर काढून पाठवतो आहे. तुझ्या कामाचं चित्र कदाचित हेच असेल.

सासूबाई येतील पाण्यावर. मला त्यात शंका नाही.

मामा

*

गस्तीचा तळ
१९ सप्टेंबर

मामा,

तुमच्या कोंबड्याने काम केलं. गेल्या शुक्रवारी पहाटे घायपाताच्या मळ्याकडच्या रस्त्यावर आम्ही नाका लावला. म्वासी तुमचा कागद हातात धरून प्रत्येक पेटीची पिसं मोजत होता, लोकांना वाटलं याला वेड लागलं. सातव्या गाडीवर सात पिसं सापडली. पेटीत सुकं मांस होतं आणि तारेचं अख्खं वेटोळं. अंगठाही तुम्ही काढला तसाच. तो जामिनावर सुटेल, असे सुटतातच. पण त्याच्याबरोबरचे दोघं बोलले आणि सगळ्या वाटा दाखवल्या. सत्तावीस फास आणखी काढले.

वाऱ्याने मनगट मुरगळतं हे मला आईकडून कळलं. ज्या माणसाने तुम्हाला शिडीवरून ओढलं, "फसवलंस आम्हाला" म्हणून, त्याचं नाव तुम्ही चीफला सांगितलं नाहीत, हेही कळलं. हात गळ्यात बांधून तुम्ही ते पिल्लू डाव्या हाताने रंगवलंत.

तुम्ही लपवलंत, तसं मीही लपवलं. सतरा ऑगस्टच्या पत्रात मी लिहिलं होतं की बंधाऱ्यावर सगळं जिथल्या तिथे आहे. त्याच्या आदल्याच दिवशी एक नर फासात सापडला होता. आम्ही पोचलो तेव्हा फक्त खूर आणि शेपूट उरलं होतं. ते कळलं असतं तर तुम्हाला तसं देखणं चित्र काढता आलं नसतं, म्हणून गप्प बसले. तेव्हा आठ नाहीत. सात.

आणि सातवी सासूबाई. सतरा दिवस झाले, दिसल्या नाहीत. तुम्ही भिंतीवर पोर काढून मोकळे झालात. मी रोज सकाळी बंधाऱ्यावर खुरांचे ठसे तपासते. पोराची आईच नसेल तर ती भिंत मी रोज कशी बघायची?

वावुदा

*

किसिमेनी
२४ सप्टेंबर

चिरंजीव वावुदा,

मी वोईला परत गेलेलो नाही. तुझ्या आईचा चुलीजवळचा नियम मोडलेला आहे, आणि कविता मी संध्याकाळीच उरकतो.

सतरा दिवसांचं म्हणतेस. पोटुशी बाई दिवस भरत आले की गर्दीतून बाजूला होते. तुझी आई तुझ्या वेळी तीन आठवडे शेजारणीलाही दिसली नव्हती. सासूबाई काही मेलेल्या नाहीत. त्या आडोशाला गेल्या आहेत.

इथली बातमी तुला कळवायची आहे. आज शनिवार, बाजार. सकाळपासून भिंतीसमोर बसून होतो. टोपलीवाला एकही नाही. बायका थांबतात आणि पिल्लाच्या गुडघ्यांवरून वाद घालतात, इतके मोठे असतात का म्हणून. सर्वांना वाटतंय की पोर झालेलं आहे. भिंतीवर काढलं म्हणजे कोणीतरी पाहिलंच असणार. मला विचारतात, "नर की मादी?" मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "अजून नीट दिसलं नाही." मघोईने विचारलं, "कुठल्या बाजूला आहे ती?" मी म्हटलं, "शोधतायत." त्यावर ती म्हणाली, "बाळंतिणीला गस्तवाले शोधणार? बूट वाजवत? आम्ही लाकडाला जातोच की त्या बाजूला."

तू ठसे बघत राहा. इथे आता बरेच डोळे तुझ्या कामाला लागले आहेत.

मामा

*

गस्तीचा तळ
१६ ऑक्टोबर

मामा,

बसून सावकाश वाचा. शेवट चांगला आहे, आधीच सांगते, तुम्हाला रक्तदाब आहे.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास मघोई तळावर आली. धावत. सहा किलोमीटर, अनवाणी, डोक्यावरची लाकडं वाटेत टाकून. धाप लागून बोलता येईना. म्वासीने पाणी दिलं तर तिने ते त्याच्याच हातात परत ढकललं आणि म्हणाली, "पिताय काय, उठा. तुमची ती भिंतीवरची. पायात तार आहे तिच्या. आणि पोर आहे जवळ. खरंच आहे."

जुना फास होता, आमच्या नजरेतून सुटलेला. मागच्या डाव्या पायात, खुराच्या वर, हाडापर्यंत रुतलेला. सासूबाई बाभळीच्या आडोशाला उभ्या होत्या, तो पाय टेकवत नव्हत्या. आणि पोटाखाली पिल्लू. फार तर चार दिवसांचं. मामा, गुडघे तुम्ही काढलेत तसेच आहेत.

म्वासी टेकडीवर पळाला आणि वोईच्या डॉक्टरांना फोन लावला. ते यायला दोन तास लागले. तेवढा वेळ मी आणि मघोई दूर बसून राहिलो. मी तिला विचारलं, "तू तिला पाहिलंस तेव्हा एकटीच होतीस?" ती म्हणाली, "नाही. माझा दीर होता. कुऱ्हाड होती त्याच्याकडे." मग तीच म्हणाली, "तो म्हणाला, पाय अडकलाय, पळणार नाही, महिनाभर खाऊ. मी म्हटलं, लेकुरवाळी आहे ती, डोळे फुटले का तुझे? हात लावलास तर घरात घेणार नाही. आणि मग मी धावले, कारण त्याचा काही भरवसा नाही."

डॉक्टरांनी गुंगीची सुई मारली. सासूबाई डुलल्या, डॉक्टरांची माणसं धरून आम्ही आठ जणांनी दोर लावून त्यांना आडवं केलं. अशा वेळी जिराफाचे डोळे लगेच झाकावे लागतात, नाहीतर तो घाबरून जीव सोडतो. डॉक्टरांनी हात पुढे करून फडकं मागितलं आणि कोणाकडेच नव्हतं. पेटी गाडीत राहिली होती, गाडी ओढ्यापलीकडे. मघोईने लुंगीसारखा कमरेला गुंडाळलेला लेसो सोडला, आतल्या परकरावर तशीच पुढे आली, आणि त्या एवढ्या मोठ्या डोळ्यांवर तो घातला. मग मान मांडीवर घेऊन बसून राहिली. एका माणसाला पेलवत नाही ते वजन. तिने पेललं.

तार कापली. औषध भरलं. जागं करायची दुसरी सुई मारली आणि आम्ही मागे सरलो. सासूबाई दोनदा धडपडल्या आणि तिसऱ्यांदा उठल्या. पिल्लू कुठे गेलं म्हणून मी शोधत होते, ते आमच्याच मागे उभं होतं. त्या वळल्या, आमच्याकडे तशाच वरून बघितलं, आणि त्याला घेऊन गेल्या. लंगडत, पण चारही पाय टेकवत.

डॉक्टर म्हणाले जखम महिन्याभरात भरेल. आज सकाळी दोघंही बंधाऱ्यावर आली होती. आठ झाले, मामा. मादी आहे.

तुमची,
वावुदा

*

किसिमेनी
२२ ऑक्टोबर

चिरंजीव वावुदा,

तुझं पत्र मी बाजारात, भिंतीसमोर, मोठ्याने वाचून दाखवलं. दिराचा भाग गाळला. माणसाला त्याच गावात राहायचं असतं.

न्यांबूने दुकान एक तास बंद ठेवून ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "तुझ्या भाचीचं काम झालं, आता माझ्या काळ्या बैलालाही जरा रंग दे. सगळी गर्दी समोरच जाते." मी देणार आहे. त्यानंतर पलीकडच्या दोन गावांतून बोलावणं आहे, तिथेही बसथांब्यावर भिंती आहेत. एके ठिकाणी हरिणी हवी आहे, एके ठिकाणी हत्तीण. सगळ्या पोरांसकट. माझा हात बरा आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धंदा नव्याने सुरू करतो आहे, आणि पूर्वीपेक्षा चांगला चालेल असं दिसतं.

आज दुपारची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

मोंबासाकडून एक मोठी गाडी आली आणि बसथांब्यावर थांबली. परका ड्रायव्हर, भुकेला, गाडीतून उतरला. भिंत बघितली, नीट बघितलीही नाही, आणि चहावालीला विचारलं, "हे कुठे मिळतं?" मी उठायला लागलो. म्हातारा माणूस, गुडघ्यांना वेळ लागतो. तेवढ्यात मघोई तिथे पोचली होती. कमरेला तोच लेसो. सासूबाईंची लाळ आणि बाभळीचा चीक वाळून त्यावर मोठा डाग पडला आहे. तुझी आई तिला दोनदा म्हणाली, दे, धुवून देते, पण ती देत नाही.

मघोईने त्या ड्रायव्हरला दंडाला धरून भिंतीपाशी नेलं. त्याचं डोकं पिल्लाच्या पाठीपाशी येत होतं. म्हणाली, "भाऊ, खाली बघ. काय आहे?"

तो म्हणाला, "पोर आहे."

"काय करतंय?"

"पितंय."

"मग?"

त्याच्याही घरी गुरं असणार. मग त्याने चहावालीकडे वळून मक्याची उगाली आणि घेवडे मागितले.

मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

तुझा मामा,
किलांबो